पंधरातून उणे आठ

२०२० च्या जानेवारीत पाथरी हे नाव राज्यभर गाजलं. साईबाबांचं जन्मस्थान पाथरी की नाही यावरून वाद पेटला आणि शिर्डीत बंद पाळला गेला. त्या गदारोळात परभणी जिल्ह्यातल्या या गावच्या दुसऱ्या एका मुलाची आठवण कुणाला झाली नाही, आणि होणारही नव्हती. उमेदीची वर्षं बीजगणितावर टीका लिहिण्यात घालवलेल्या माणसाच्या जन्मस्थानावरून कोण भांडतो?

त्याचं नाव सूर्यदास, काही जण सूर्यपंडित म्हणतात. जन्म १५०७-०८ च्या सुमाराचा. वडील ज्ञानराज, ‘सिद्धांतसुंदर’ या ज्योतिषग्रंथाचे कर्ते. दोघंही आपलं गाव ‘पार्थपूर’ असं सांगतात. हे पार्थपूर म्हणजे आपली गोदाकाठची पाथरी, ही ओळख शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात पटवून दिली. गाव तेव्हा लहानसहान नव्हतं. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असं फरिश्त्याने लिहून ठेवलंय. म्हणूनच बुऱ्हाण निजामशहाचा या गावावर डोळा होता, आणि १५१८ मध्ये त्याने ते वऱ्हाडच्या इमादशाहीकडून हिसकावून घेतलं. सूर्यदास तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. गावाबाहेर फौजा आणि घरात ग्रहगणित, असं ते बालपण.

संस्कृतच्या अभ्यासकांना तो माहीत असतो तो एका अचाट करामतीसाठी. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ या त्याच्या छोटेखानी काव्यात श्लोकाचा पहिला अर्धा भाग रामाची कथा सांगतो. तोच भाग शेवटच्या अक्षराकडून उलटा वाचत गेलं की दुसरा अर्धा तयार होतो आणि त्यात कृष्ण येतो. पण मला त्याची दुसरी कामं जास्त मोलाची वाटतात. शके १४६०, म्हणजे १५३८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. तीन वर्षांनी ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ आली. टीका म्हणजे दोष काढणं नव्हे. मूळ ग्रंथकार नियम दोन ओळींत सांगून मोकळा होतो. त्या ओळी फोडायच्या, उदाहरणं सोडवून दाखवायची आणि नियम खरा का, हे समोरच्या विद्यार्थ्याच्या गळी उतरवायचं, हे टीकाकाराचं काम. आजच्या भाषेत, वर्गावर उभं राहणाऱ्या मास्तरचं.

आणि या मास्तरांसमोर एक नियम असा होता, की तो सांगायला सोपा आणि पटवायला महाकठीण.

५ मधून ३ वजा केले तर २. इथवर ठीक. ५ मधून उणे ३ वजा केले तर? ८. काढून घेतल्यावर वाढलं कसं? सहावीच्या वर्गात पूर्णांक संख्यांचा धडा लागतो तेव्हा महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना हा प्रश्न पडतो. बालभारतीचं पुस्तक नियम नीट सांगतं, की एखादी संख्या वजा करायची म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवायची. वर्गात मात्र त्याचं घोषवाक्य होतं, ‘उणे उणे अधिक’. घोषवाक्य पाठ व्हायला वेळ लागत नाही आणि नासधूस करायलाही.

माझ्या भाचीची वही याला साक्षी आहे. सेलूकडच्या एका खेड्यात तिचं घर, शेतीवर चालणारं. सुटीत परभणीला आमच्याकडे आली तेव्हा गणिताची वही घेऊन आली होती. एका पानावर –५ – ३ = ८ असं लिहिलेलं, आणि खाली लाल फुली. तिने ते खोडरबराने इतकं घासलं होतं की कागद विरून मागच्या पानाची शाई दिसत होती. “दोन उण्याचं अधिक होतं ना? मग चुकलं कामून?” तिचा प्रश्न रास्तच होता. घोषवाक्याबरहुकूम तिने चोख काम केलं होतं. दोन आडव्या रेघा दिसल्या, तिने अधिक केलं. त्यातली एक रेघ संख्येची आणि दुसरी वजाबाकीची, आणि ‘अधिक’ होतं ते वजाबाकीची रेघ उण्या संख्येच्या डोक्यावर येऊन बसते तेव्हा, हे त्या तीन शब्दांत कुठे आहे?

मग आम्ही कर्जावर आलो. हा सगळ्यांचाच पहिला मार्ग, आणि तसा फार जुना. इ.स. ६२८ मध्ये भिल्लमाळच्या, म्हणजे राजस्थानातल्या आजच्या भीनमाळच्या, ब्रह्मगुप्ताने वयाच्या तिसाव्या वर्षी ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम एका ओळीत उभे केलेत. शून्यातून ऋण वजा केलं तर धन होतं, हाही त्यातलाच एक. चिनी गणितज्ञ लाल-काळ्या काड्या मांडून धन-ऋणाची बेरीज-वजाबाकी त्याच्याही आधीपासून करत होते. पण शून्याला सोबत घेऊन सगळे नियम असे एका जागी सांगणारा आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस ब्रह्मगुप्त. त्याची भाषा सावकारी वहीची आहे. ऋण काढून घेतलं की माणूस तेवढ्याने सावरतो, हे त्या भाषेत आपोआप कळावं अशी अपेक्षा.

परभणीत तर हे कळायलाच हवं. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढतो आणि कर्ज फिटलं की उतरतो, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी माहीत असतं. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, थकीत पीककर्ज २ लाखांपर्यंत माफ झालं. अंगठे लावायला लागलेल्या रांगा घराघराने पाहिल्या. तेव्हा बोजा उतरला म्हणजे ऋण वजा झालं आणि ऋण वजा झालं म्हणजे वाढ झाली, असं सरळ गणित.

भाचीला ते पटेना. “आमच्या आबाचं कर्ज माफ झालं, मामा, पर घरात एक रुपया आला नाही. पेरणीला पुन्हा उसनवारी केलीच की. मग वाढलं काय?”

याला काय उत्तर देणार? बँकेचं बेबाकी प्रमाणपत्र कपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी बी-बियाण्यासाठी हात पसरणारा शेतकरी तिने घरात पाहिला होता. ‘वाढ’ तिला दिसायला हवी होती, आणि ती दिसत नव्हती. ब्रह्मगुप्ताच्या वहीतली भाषा बरोबर होती, पण तिला पडलेल्या प्रश्नाला ती पुरत नव्हती.

पुरत नाही हे गणितज्ञांनाही कळत होतं. भास्कराचार्यांनी १११४ मध्ये जन्म घेतला, छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याला मिळालेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे आणि तो जगापुढे आणला डॉ. भाऊ दाजींनी. ‘बीजगणिता’त भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायला सांगतात. वजा करताना धनाचं ऋण करा, ऋणाचं धन करा आणि मग बेरीज करा, हा नियमही देतात. का, ते तिथे नाही. इतकंच कशाला, माकडांच्या कळपाच्या एका गणितात ५० आणि ५ अशी दोन उत्तरं निघतात. ५ धरलं तर मधल्या पायरीला माकडांची संख्या उणे २ होते. तेव्हा ते उत्तर त्यांनी बाजूला ठेवलं आणि कारण दिलं ते असं, की उघड्या ऋण संख्येवर लोकांचा भरवसा बसत नाही. बाराव्या शतकातला सर्वांत मोठा गणिती लोकांच्या भरवशाची काळजी करतो, हे मला फार आवडतं.

पण ‘लीलावती’त त्यांच्या हाती एक किल्ली लागून गेली होती. त्रिकोणाच्या बाजू १० आणि १७, पाया ९. माथ्यावरून लंब सोडला तर पायाचे दोन तुकडे किती? हिशेब केला तर एक तुकडा १५ येतो. पायाच सबंध ९, त्याचा तुकडा १५? आणि दुसरा उणे ६. भास्कराचार्य गडबडले नाहीत. उणे ६ म्हणजे उलट दिशेला ६, एवढंच सांगून पुढे गेले. काढून बघा. लंब पायावर पडतच नाही, बाहेर वाढवलेल्या रेषेवर पडतो. लंबाच्या पायापासून एक टोक १५ वर, दुसरं ६ वर, दोन्ही एकाच बाजूला, आणि मधलं अंतर बरोबर ९. इथे कर्ज नाही, सावकार नाही. उणे संख्या जमिनीवर उतरली आणि तिला दिशा मिळाली. मात्र ही गोष्ट भूमितीच्या प्रकरणात राहिली, वजाबाकीचा नियम बीजगणितात राहिला, आणि दोघांची गाठ पडायला साडेचारशे वर्षं लागली.

त्या साडेचारशे वर्षांत हा ग्रंथ जिवंत राहिला तो टीकाकारांमुळे. पाथरीचा सूर्यदास त्यांच्यातला. कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञ ‘लीलावती’ उलगडत होते. घराघरांत बाप मुलाला, काका पुतण्याला शिकवत होता, आणि शिकणारा ‘का’ विचारत होता. सूर्यदासाची टीका झाल्यावर सात वर्षांनी, १५४५ मध्ये, इटलीत कार्दानोने आपल्या बीजगणितात ऋण उत्तरांना ‘काल्पनिक’ म्हटलं. पुढच्या शतकात पास्कालसारख्या माणसाला शून्यातून चार काढले तर शून्यच उरणार असं वाटत होतं. तेव्हा आमच्या भाचीने फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

गाठ मारली ती कृष्ण दैवज्ञाने. घराणं विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं, पुढे काशीला गेलेलं. कृष्णाला बादशहा जहांगीराचा आश्रय होता. १६०१ च्या सुमाराला त्याने ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. धन-ऋणाच्या वजाबाकीपाशी तो आला आणि थांबला. ऋण म्हणजे काय, इथून त्याने सुरुवात केली. ऋण म्हणजे उलटेपणा, आणि तो तीन प्रकारचा असतो: जागेचा, काळाचा आणि वस्तूचा. पूर्वेचं उलट पश्चिम. होऊन गेलेल्या दिवसांचं उलट येणारे दिवस. आपल्या मालकीचं उलट दुसऱ्याच्या मालकीचं. सावकारी वही त्याने टाकून दिली नाही, तिला तिसऱ्या क्रमांकावर बसवलं. आणि वजाबाकीसाठी पहिला प्रकार उचलला.

आनंदवन, म्हणजे काशी. तिथून पट्टण, म्हणजे पाटणा, १५ योजनं पूर्वेला. प्रयाग ८ योजनं पश्चिमेला. पूर्व धन धरली तर पाटणा १५, प्रयाग उणे ८. आता पाटणा आणि प्रयाग यांच्यात अंतर किती? २३ योजनं. दोन संख्यांमधलं अंतर काढायचं म्हणजे वजाबाकीच करायची, पण इथे बेरीज केल्याशिवाय ते २३ मिळतच नाहीत. १५ वजा उणे ८ बरोबर २३.

वाचताना मी थबकलो होतो. ‘काढून घेणं’ हा वजाबाकीचा फक्त एक चेहरा आहे. दुसरा आहे दोन ठिकाणांमधली वाट मोजण्याचा, आणि त्या चेहऱ्याकडे पाहिलं तर कोडंच उरत नाही. एक गाव या अंगाला, दुसरं त्या अंगाला, मधे शून्य. वाट शून्यावरून जाणार, म्हणजे दोन्ही तुकडे मिळणारच. ब्रह्मगुप्तापासून ९७० वर्षांनी त्या नियमाला प्रवासाचं इतकं साधं कारण मिळालं. कृष्णाच्या हाताशी सूर्यदासाची टीका होती की नव्हती, कोण जाणे. दोघांचे शब्द एकत्र आले ते मात्र अगदी अनपेक्षित जागी.

१८१७ साली लंडनमध्ये हेन्री टॉमस कोलब्रुकने ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचं इंग्रजी भाषांतर छापलं. कोलब्रुक कंपनी सरकारातला अधिकारी आणि मोठा संस्कृतज्ञ. नुसत्या मूळ श्लोकांनी वाचकाला बोध व्हायचा नाही हे ओळखून त्याने पानोपानी तळटीपा दिल्या, त्या आपल्या टीकाकारांच्या: गणेश, सूर्यदास, कृष्ण. त्या टीपांतून उलटेपणाचे तीन प्रकार आणि पाटणा-प्रयागाची २३ योजनं लंडनला पोचली, आणि पाथरीचं गणितही.

तिथल्या काही जणांना त्याची गरजही होती. फ्रान्सिस मॅसेरेस नावाच्या गणितप्रेमी कायदेपंडिताने १७५८ मध्ये ऋण चिन्हावर एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं. मोठ्यातून लहान वजा होत असेल तरच वजाबाकीला अर्थ, सुट्या उणे संख्येला काही अर्थ नाही, असा त्याचा पवित्रा. केंब्रिजच्या विल्यम फ्रेंडने १७९६ च्या आपल्या बीजगणितातून ऋण संख्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. कोलब्रुकचं भाषांतर छापून आलं तेव्हा हे दोघंही हयात होते. त्यांनी त्या तळटीपा वाचल्या असत्या तर, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

काशी-प्रयाग भाचीला दूरचे. आम्ही रेल्वेवर आलो. परभणी जंक्शन शून्य. पूर्वेला पूर्णा, ढोबळ ३० किलोमीटर. पश्चिमेला सेलू, ढोबळ ४०. वहीच्या विरलेल्या पानाशेजारी तिने आडवी रेघ ओढली, तिच्यावर तीन स्टेशनं मांडली आणि सेलूखाली –४० लिहिलं. मी एवढंच विचारलं, की सेलूहून पूर्णेला जायचं तर किती? “सत्तर,” ती लगेच म्हणाली. मग तेच वजाबाकीने लिही. पोचलो ते ठिकाण आधी, निघालो ते नंतर. तिने सावकाश लिहिलं: ३० – (–४०). पेन्सिल थोडा वेळ कंसावर टेकवून ठेवली. मग रेघेवर सेलूपासून परभणीपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, “आधी हे चाळीस संपवायचे, मंग पुढचे तीस.” आणि खाली ४० + ३०.

नियम तिने काढला होता. मी काही सांगितलं नव्हतं, आणि ‘उणे उणे अधिक’ तर तिच्या तोंडूनही निघालं नाही. उलटा प्रवास तिनेच सुचवला: पूर्णेहून सेलूला. –४० – ३०. वाट तीच, सत्तरची, पण तोंड पश्चिमेकडे, म्हणून –७०. त्याबरोबर तिने पान उलटून लाल फुलीवालं गणित पाहिलं, –५ – ३, आणि शेजारी –८ लिहून टाकलं. मग मी मधे मानवत रोड आणलं, समजा उणे २५ वर. सेलूहून मानवत रोड: –२५ – (–४०). इथे ती अडेल असं वाटलं होतं, कारण उणे चिन्हांची नुसती गर्दी. पण तिला चिन्हं दिसतच नव्हती, स्टेशनं दिसत होती. “पंधरा. पूर्वेला.” शून्य ओलांडायचं नाही, तरी उत्तर धन. घोषवाक्याने हे कधी कळलं नसतं.

हा उपाय सगळ्या मुलांना लागू पडेल असं मी म्हणत नाही. काहींना काड्यांचा खेळ रुचतो, काहींना आकड्यांची शिडी: ५ – २, ५ – १, ५ – ०, आणि उत्तरं एकेकाने वाढत चालली आहेत हे पाहून पुढची पायरी ती स्वतःच टाकतात. पण मुलाला आधी नियम आणि मग कारण, या क्रमाने जाऊ नये, एवढं मी हट्टाने म्हणेन. गणिताच्या इतिहासात तो क्रम तसा पडला खरा, पण त्यात हजार वर्षं गेली. सहावीच्या पोरीकडे एक सत्र असतं.

जेवणं झाल्यावर ती पुन्हा वही घेऊन आली. आता रेघेवर स्टेशनं नव्हती, रुपये होते. डावीकडे ‘आबा’ लिहून –४० हजार. शून्यावर काही नाही. उजवीकडे शेजारच्या कुणाचे तरी शिलकीतले ३० हजार. आबांपासून त्या शेजाऱ्यापर्यंत ७० हजारांची वाट आहे, हे तिने मोजून ठेवलं होतं.

“आणि कर्ज माफ झालं तर?” मी विचारलं.

“–४० – (–४०). म्हंजी चाळीस हजार चालले आबा.” तिने बोट शून्यावर आणून ठेवलं. “चालले, पर पोचले हितंच. म्हनून घरात रुपया दिसला नाही. शेजाऱ्याइतकं व्हायला आजून तीस लागतेत, आन् पेरणीचं त्याच्याहून निराळं.”